घरच्या गणपतीचा फोटो: आधी दिवे बघा, मग कॅमेरा

घाटमाथा

चतुर्थीच्या दुपारपासून व्हॉट्सॲपवर घरोघरचे बाप्पा यायला लागतात. मूर्ती एकाहून एक सुबक, मखरावर आठवडाभराची मेहनत, आणि फोटोत बाप्पाचा चेहरा काळवंडलेला नि मागची एलईडीची माळ तेवढी लखलखीत. मग ठरलेला प्रश्न येतो: कॅमेरा कोणता घेऊ? म्हणून हा धागा. चतुर्थीला अजून वेळ आहे, तोवर देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर हात बसवून घेता येईल.

माझं म्हणणं एवढंच, की घरच्या गणपतीचा फोटो बहुतेक वेळा खोलीतल्या दिव्यांमुळे बिघडतो. एका खोलीत काय काय पेटलेलं असतं बघा. छताला पांढरी ट्यूब, मखरात पिवळे बल्ब, कडेने निळी-जांभळी पट्टी, समई, शिवाय खिडकीतून येणारा ढगाळ उजेड. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: समईची ज्योत साधारण १९०० केल्विनची, पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, 'कूल डेलाइट' ट्यूब ६५०० ची. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबडा. आपले डोळे हे सगळं सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र त्यातल्या कुठल्या तरी एका उजेडाला पांढरं मानावं लागतं. ट्यूबला पांढरं मानलं की मखर नारिंगी होतं, मखर सुधारलं की भिंत निळी पडते. पीतांबराचा खरा पिवळा दोन्हीकडे हरवतो.

तेव्हा आधी स्विचबोर्डाकडे जा. ट्यूब बंद. पळणारी माळ पाच मिनिटं बंद, बच्चेकंपनीला काय सांगायचं ते तुम्ही बघा. एका जातीचा उजेड शिल्लक ठेवा. तो शक्यतो खिडकीचा असावा, सकाळचा, आणि बाजूने येणारा. बाजूच्या उजेडात सोंडेचं वळण, पोटाचा गोलावा, कानाची कड, सगळ्याला सावली मिळते आणि मूर्ती भरीव दिसते. समोरून फ्लॅश मारला की तीच मूर्ती कॅलेंडरातल्या चित्रासारखी सपाट होते. खिडकीच्या विरुद्ध बाजूला अंधार फार वाटला तर कुणाला तरी धुतलेला पांढरा पंचा ताणून धरायला लावा, फ्रेमच्या अगदी कडेला, मूर्तीपासून हातभर अंतरावर. तेवढ्या परतलेल्या उजेडाने सावलीतला डोळा उघडतो. खिडकी मूर्तीच्या मागे येत असेल तर मात्र पडदा ओढा. तिथे कुठलीच युक्ती चालत नाही.

पुढची गोष्ट उंचीची. आपण उभे, बाप्पा चौरंगावर, आणि फोटो वरून खाली. त्यात मुकुट नि कपाळ मोठं होतं, पाय लहान. सरळ मांडी घालून बसा, लेन्स मूर्तीच्या डोळ्यांच्या रेषेत आणा किंवा किंचित खाली. फोन पुढेमागे कलू देऊ नका, नाहीतर मखराचे दोन्ही खांब वर एकमेकांकडे झुकतात. सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू केली की हे लगेच कळतं.

आणि मागे सरका. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. फूटभरावरून फोटो काढला की लेन्सला सगळ्यांत जवळची सोंड, ती अवाढव्य होते आणि कान मागे पळतात. दोन-तीन पावलं मागे जाऊन २एक्स (दुप्पट झूम) वापरा. मूर्तिकाराने जी प्रमाणं दिलीत ती तेव्हाच फोटोत उतरतात.

उजेडाच्या मापाबद्दल खाली बोलूच. अनुभवी मंडळींनी भर घालावी.

चकलीवाली

मस्त धागा! वाचनखूण साठवली. दादा, एक शंका. पोर्ट्रेट मोड लावला की मागचं धूसर होऊन छान दिसतं, पण आमच्या बाप्पाच्या मुकुटाची अर्धी टोकं गायब झाली आणि दूर्वा तर हिरवा धूर झाल्या. फोन खराब म्हणायचा का?

घाटमाथा

ताई, फोन ठीक आहे. पोर्ट्रेट मोडमधलं धूसरपण बरंचसं हिशोबाने तयार केलेलं असतं. मूर्ती कुठे संपते आणि मागचा पडदा कुठे सुरू होतो याचा फोन अंदाज बांधतो. माणसाचं डोकं त्याच्या पक्कं ओळखीचं आहे. मुकुटाची कोरीव टोकं, दूर्वांची पाती, हाराचा दोरा, छत्रीची झालर हे बारीक प्रकार त्याला झेपत नाहीत, मग तो सरसकट कापतो. साधा मोड लावा आणि मूर्ती मागच्या पडद्यापासून जमेल तेवढी पुढे ओढा. हे अर्थात प्रतिष्ठापनेच्या आधी. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवायची नसते, त्यामुळे फोटोचा विचार मखर बांधतानाच करायला हवा.

झब्बू_सम्राट

एवढं सगळं कशाला? आजकालचे फोन स्वतःच सगळं करतात. नाइट मोड लावा, बटण दाबा, मोदक खा.

रीळमास्तर

झब्बूराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. नाइट मोड एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन एकत्र बसवतो आणि मूर्ती हलत नाही, त्यामुळे तिथे तो उत्तम चालतो. पण दिशा त्याला बदलता येत नाही. उजेड डोक्यावरच्या ट्यूबमधून येत असेल तर बाप्पाच्या डोळ्यांत मुकुटाची सावली पडणार, आणि फोन ती सावली फक्त जास्त स्वच्छ करून दाखवणार.

आमची हयात स्टुडिओत गेली. रोलच्या काळात हा पिवळ्या बल्बचा घोळ सरळ पैशात मोजला जायचा. डेलाइट फिल्म, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली, बल्बखाली वापरली की प्रिंट नारिंगी. उपाय म्हणून लेन्सवर निळा ८०ए फिल्टर लावायचा, आणि तो लावला की दोन स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे चौथाई उरला. ३६ फ्रेमचा रोल, आग्फा क्लिक थ्री असेल तर १२ च. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस खोलीभर फिरून दिवे बघायचा. काटकसरीपोटी लागलेली सवय, पण कामाची.

फ्लॅशवर घाटमाथांनी एका वाक्यात काट मारली, ते मला पटलं नाही. डोकं फिरवता येणारा वेगळा फ्लॅश असेल तर तो छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवा. उजेड मोठ्या पृष्ठभागावरून परतून येतो आणि मऊ पडतो. छत पांढरं हवं मात्र. हल्ली पीओपीत गुलाबी-पोपटी रंग भरलेले असतात, तो रंग थेट बाप्पाच्या गालावर उतरतो. आणि मखरात आरसे किंवा चमकीचा कागद असेल तर थेट फ्लॅश सरळ तुमच्याकडेच उलटतो. ज्या कोनात उजेड आदळतो त्याच कोनात परत जातो, म्हणून अशा वेळी थोडं तिरकं बसायचं.

घाटमाथा

काका, मान्य. फोनचा फ्लॅश वळवता येत नाही, माझा रोख त्याच्यावर होता.

आता उजेडाचं माप. कॅमेऱ्यातला मीटर, फ्रेममध्ये जे काही आहे त्याची सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. मागे पांढरं सॅटिन लावलंत की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो दाबतो आणि बाप्पा काळवंडतात. मागे गडद जांभळं मखमल असेल तर उलटं होतं. मीटर उजेड वाढवतो आणि बाप्पाचं कपाळ पांढरंफटक. फोनवर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथे अडकतात. मग बोट वरखाली सरकवून हवं तेवढं उजळ-गडद करायचं. कॅमेऱ्यावर हेच काम अधिक-उणेच्या बटणाचं. पांढऱ्या पार्श्वभूमीला अधिक एकच्या आसपास, गडद मखमलीला उणे एकपासून सुरुवात करून बघा.

निळी_शाई

माझ्याकडे डीएसएलआर आहे, ५० एमएमची १.८ वाली लेन्स. सगळे सांगतात म्हणून एफ/१.८ वर ठेवून फोटो काढते. डोळे एकदम तलवार, पण सोंडेचं टोक आणि हातातला मोदक धूसर. सोंडेवर फोकस केला तर डोळे जातात. लेन्स बदलू का?

रीळमास्तर

पोरी, लेन्स छान आहे, छिद्र लहान कर, म्हणजे एफचा आकडा वाढव. तुझा क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल आणि मूर्ती एक मीटरवर असेल, तर एफ/१.८ ला जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यांपासून सोंडेच्या पुढच्या वळणापर्यंत अंतर लहान मूर्तीतही त्याहून जास्त असतं. एफ/८ ला हाच पट्टा १२ सेंटीमीटरच्या घरात जातो. फूटभराच्या मूर्तीला पुरे.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. १.८ वरून ८ वर गेलीस की उजेड जवळजवळ २० पट कमी. आधी शटर सेकंदाचा १/१०० भाग उघडा राहत होता तर आता १/५. हातात धरून १/५ ला फोटो हलणार म्हणजे हलणारच. पण बाप्पा कुठे जाणार आहेत? ट्रायपॉड लाव, नसेल तर पाटावर जाडजूड पंचांगं नि दिवाळी अंक रचून त्यावर कॅमेरा ठेव, दोन सेकंदांचा टायमर लाव म्हणजे बटण दाबताना लागणारा धक्का टळतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० वरच राहू दे. लोक अंधार दिसला की आधी आयएसओ वाढवतात. न हलणाऱ्या वस्तूला त्याची गरज नाही. पंखा तेवढा बंद कर, नाहीतर बाप्पा स्पष्ट आणि हार नाचतोय असा फोटो येईल.

चकलीवाली

पंचांगावर कॅमेरा! सासूबाईंना दाखवते हा प्रतिसाद.

रीळमास्तर

गेल्या वर्षीचं घ्या हो. :)

माटोळीकार

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे चवथीला मूर्तीच्या वर माटोळी असते. लाकडी चौकटीला सुपारीचे घड, नारळ, तवशी (काकड्या), रानातली फळं-फुलं बांधून ती छताशी टांगतात. पाहुणे येतात ते माटोळीही बघायला. आणि प्रत्येकाच्या फोटोत ती वरून कापलेली! मागे सरकलं तर समोरच्यांची डोकी येतात.

दुसरी अडचण अशी, की दिवे सगळे मूर्तीवर रोखलेले, वर छताशी अंधार. मूर्ती नीट आली की माटोळी काळी, माटोळी नीट आली की मूर्ती भाजलेली.

घाटमाथा

माटोळीकार, उभी फ्रेम घ्या आणि फोटो पाहुणे यायच्या आधी काढा. दुसऱ्या अडचणीवर तुमच्या जुन्या घरांत सोपा उपाय आहे. कौलं आणि भिंती पांढऱ्या नसल्या तरी जमिनीवर एक पांढरी चादर पसरा, मूर्तीच्या पुढ्यात, फ्रेमच्या बाहेर. त्या चादरीवर एक दिवा रोखा. उजेड चादरीवरून वर उसळतो आणि माटोळीच्या खालच्या अंगाला लागतो. सुपारीच्या घडांचा गोलावाही त्याने दिसायला लागतो. तो दिवा मखरातल्या दिव्यांच्याच जातीचा हवा, पिवळा तर पिवळा. उजळ आणि अंधाऱ्या भागांचे फोटो एकत्र बसवणारा एचडीआर मोडही मदत करतो, पण त्याला आधी थोडा उजेड मिळाला तर तो नीट वागतो.

शिवाय माटोळीचा स्वतंत्र फोटो काढायला काय हरकत आहे? एकाच फोटोत सगळं कोंबायचा आपल्याला फार सोस.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीत आमचा गणपती मंडळाच्या हॉलमध्ये. मूर्ती इथल्याच दुकानातून, डेकोरेशन घरचं. माझ्या फोटोंत दरवेळी आडवे काळपट पट्टे येतात. १/५० वर शटर ठेवा असं एका भारतीय व्हिडिओत बघून केलं, तरी पट्टे आहेतच.

निळी_शाई

याचं उत्तर मला येतंय! भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्यांना कळत नाही एवढंच. शटर १/५० किंवा १/१०० असला की पूर्ण लुकलुक त्यात बसते आणि पट्टे जातात. तुमच्याकडे ६० हर्ट्झ, म्हणजे १२० वेळा. तुम्हाला १/६० किंवा १/१२० च्या जवळचा शटर हवा. कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लिकर नावाचं सेटिंग असतं, तेही ६० वर करा. भारतातून आणलेल्या कॅमेऱ्यात ते ५० वर असू शकतं. आणि एलईडी पट्टीला डिमर असेल तर ती पूर्ण उजेडावर ठेवा. मंद केल्यावर काही पट्ट्या वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, मग हा हिशोब लागत नाही.

सातासमुद्रापार

सेटिंग ५० वरच होतं! आभार, ताई.

कोपऱ्यातला_टाळ

आरतीच्या फोटोंवर कुणी बोललंच नाही. आमच्याकडे २० माणसं, आणि अल्बममध्ये २० पाठी.

घाटमाथा

कारण फोटो काढणारा सगळ्यांच्या मागे उभा असतो. आरतीत तुमचा विषय माणसं आहेत. मखराच्या शेजारी, भिंतीला चिकटून उभे राहा आणि माणसांकडे तोंड करा. मखराचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडतो, निरांजनाचा खालून. फुकटची प्रकाशयोजना.

मात्र ज्योतीचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने पडतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. तबक धरलेली व्यक्ती उजळ आणि तिच्यामागचे अंधारात, हे होणारच. सगळ्यांना एकसारखं उजळवायच्या नादी लागू नका. तबकवाल्याच्या चेहऱ्यावर उजेड मोजा, बाकीचे निम्म्या सावलीत राहू द्या. ट्यूब लावली की सगळे सारखे दिसतात आणि आरतीचा रंग जातो. इथे शटर १/१२५ तरी हवा, त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० गेला तरी चालेल. थोडे दाणे दिसतील. हललेल्या चेहऱ्यापेक्षा दाणेदार चेहरा कधीही बरा. शेवटी सगळे जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात, तेव्हा मुद्दाम १/१५ लावून बघा. साड्या-झब्बे फिरलेले आणि मागे मूर्ती स्थिर असा फोटो मिळायची शक्यता असते. हात कशाला तरी टेकवून ठेवा.

चकलीवाली

आणि जास्वंद? २१ जास्वंदींचा हार घालते, फोटोत लाल चिखल दिसतो. पाकळ्याच नाहीत.

रीळमास्तर

लाल रंगाचं असंच आहे. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन हिशोब चालतात. एकूण उजेड ठीक दिसत असतो, पण जास्वंदीत एकटा लाल काठोकाठ भरून सांडलेला असतो. भरून वाहिलं की पाकळीवरच्या शिरा, घड्या, सगळं एकाच लालमध्ये बुडतं. उजेड पाऊण स्टॉपने कमी करा. फोनमध्ये 'व्हिव्हिड' नावाचा प्रकार असेल तर तो आधी काढा, त्याने लाल अजून भडकतो. शेंदरी मूर्तीलाही हाच नियम. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दिसत असतील तर लालचा आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला नको.

झब्बू_सम्राट

बरं, तो एक तृतीयांशचा नियम? विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांशावर ठेवा म्हणतात तो? मी बाप्पाला डावीकडे बसवून उजवीकडे मोकळी जागा सोडली, आज्जीने विचारलं उजवीकडे कोण बसणार आहे.

घाटमाथा

आज्जी बरोबर आहेत. मखर, प्रभावळ, दोन समया, सगळी मांडणी दोन्ही बाजूंना सारखी असते. अशा मांडणीला मूर्ती मधोमधच शोभते, आणि मग ती खरोखर मधोमध हवी. दोन बोटं डावीकडे सरकलेली प्रभावळ डोळ्यांत खुपते. एक तृतीयांश वापरायचाय तर तो नैवेद्याच्या ताटाला किंवा रांगोळी काढणाऱ्या मुलीला वापरा. आणि पाय कापू नका. लोक फोटोतही चरणांचं दर्शन घेतात. खाली उंदीरमामांसकट जागा सोडा.

माटोळीकार

+१. पायांच्या बाबतीत आमची आईही ऐकून घेत नाही.

केळीचे_पान

उशिरा आले. आमच्या गौरींचे मुखवटे पितळी आहेत. फोटोत मुखवट्याच्या गालावर मी, माझा फोन, समोरची खिडकी आणि खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांची दोरीवरची कपडेसुद्धा. काय करायचं?

रीळमास्तर

ताई, पितळ म्हणजे आरसाच. समोर जे असेल ते तो दाखवणार. तेव्हा त्याला दाखवण्यासारखं काहीतरी द्या. खिडकी आणि गौरींच्या मध्ये पांढरी पातळ चादर किंवा जुनं पांढरं धोतर ताणून बांधा. मुखवट्यात कपड्यांच्या जागी एकसंध पांढरी झळाळी दिसेल आणि गालाची गोलाई खुलेल. तुम्ही स्वतः गडद कपडे घाला, जमेल तितकं मागे जा आणि २एक्स घ्या, म्हणजे तुमचं प्रतिबिंब ठिपक्याएवढं होईल. सगळीकडूनच पांढरं केलंत तर मात्र पितळ फिकं पत्र्यासारखं दिसतं. एका बाजूला काळी शाल टांगा. तिची गडद रेघ मुखवट्यात उतरते आणि नाक-ओठ ठसठशीत होतात. जरीच्या साडीलाही बाजूचा उजेड द्या, समोरच्या उजेडात जरीची नक्षी झाकोळते.

केळीचे_पान

काळी शाल गौरींसमोर चालणार नाही काका. गडद हिरवी टांगते.

रीळमास्तर

हिरवी उत्तम. फक्त गालावर हिरवट झाक येतेय का ते एकदा बघा. आली तर गडद चॉकलेटी.

निळी_शाई

शेवटचं विचारते. मावशीला गेल्या वर्षीचा फोटो फ्रेम करून द्यायचाय. तिच्या मोबाइलमध्ये आहे, माझ्याकडचा उडाला. तिने व्हॉट्सॲपवर पाठवला, दुकानदार म्हणतो ८ बाय १२ ला फुटेल.

घाटमाथा

दुकानदार खरं सांगतोय. ८ बाय १२ इंच, इंचाला ३०० ठिपके धरले तर २४०० गुणिले ३६०० लागतात, म्हणजे साधारण ८६ लाख. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० च्या आसपास उरतो, त्यात पाचेक इंचांचीच प्रिंट नीट निघते. मावशीला सांग, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. पण तिच्याकडचा फोटो मुळात तूच व्हॉट्सॲपवर पाठवलेला असेल तर तिच्या मोबाइलमध्येही तोच लहान असणार. मग ४ बाय ६ ची प्रिंट काढून भोवती रुंद पांढरा माउंट लावून घे. फ्रेम मोठी होते आणि फोटो फुटत नाही.